म्हशींनी पाडलेला रस्ता

पुण्यात नोकरीला लागून थोडे महिने झाले, तोवर जर्मनीतले हमरस्ते मला तोंडपाठ झाले होते. शनिवार पेठेतल्या आमच्या कचेरीतून बसस्टॉपवर कसं जायचं ते मात्र रोज नव्याने विचारावं लागायचं. मी यवतमाळची. भूगोल घेऊन एम.ए. झालेल्या मुलीला मास्तरकीशिवाय दुसरं काही करता येतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं. पण त्या दिवसांत पुण्यात कॉम्प्युटरच्या नावाने काहीही चालून जात होतं. खाली उदबत्त्यांचं दुकान आणि वर आम्ही, अशा एका इमारतीत एक लहानशी कंपनी परदेशातल्या मोटारींसाठी नकाशे करून द्यायची. आम्ही पोरंपोरी, त्यातली निम्मी विदर्भातली, आकाशातून काढलेली चित्रं पडद्यावर घेऊन त्यांवर माउसने रस्ते गिरवत बसायचो. श्टुटगार्टच्या बाहेर कुठल्या चौकात डावीकडे वळायला बंदी आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं. दिवसभर उदबत्तीचा वास नाकात जायचा, त्यामुळे जर्मनी म्हटलं की मला अजूनही चंदन आणि मोगरा आठवतो.

आमचे साहेब अस्सल पेठेतले. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, ते मात्र आम्हाला 'आपण' म्हणायचे आणि त्या 'आपण'मध्ये असं काही भरायचे की त्यापेक्षा सरळ शिवी बरी वाटावी. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "साहेब, मी ते करून राहिले." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण करून राहू नका. करा आणि जा." तेव्हापासून मी कचेरीत 'करते आहे' म्हणायला शिकले आणि घरी आईला फोन केला की दोन वाक्यांत परत माझ्या बोलीवर यायचे.

राहायला मी पुण्याच्या कडेला, धायरीत होते. बापाच्या ओळखीच्या कुणाच्या ओळखीतून ती खोली मिळाली होती. घर तात्यांचं. तात्या म्हणजे मूळचे शेतकरी. अर्धी जमीन बिल्डरला दिलेली, उरलेल्या अर्धीत अजून फ्लॉवर आणि मेथी. घरात तात्या, त्यांची बायको आक्का, मुलगा बाळासाहेब आणि सून वैशाली. पुढे संगमरवरी पायऱ्या, मागे गोठा. दिवाणखान्यातला सोफा कायम प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असायचा, त्यावर बसलं की उन्हाळ्यात उठताना चर्र आवाज यायचा, म्हणून सगळं घर बसायचं गोठ्याच्या ओट्यावर. पहाटे आधी म्हशी ओरडायच्या, मग पिठाची चक्की सुरू व्हायची, मग समोरच्या बांधकामावरचा काँक्रीट कालवायचा यंत्रडबा. ह्या तीन आवाजांच्या मध्ये कधीतरी आक्का हाक मारायची, "नागपूरवाले, भाकर झाली." मी यवतमाळची आहे, नागपूर माझ्या घरापासूनही लांबच, हे मी तिला पुष्कळदा सांगितलं. ती म्हणायची, "तिकडचंच ना सगळं?" धायरीच्या पलीकडचं जग आक्काच्या लेखी दोनच भागांत होतं: मंडई आणि तिकडचं.

तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीसाठी मात्र मी नागपूरची व्हायला तयार होते. तव्यावरून थेट ताटात, त्यावर लोण्याचा गोळा, खरपूस लसूण घातलेलं पिठलं आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा. कचेरीतल्या डब्यांमध्ये गूळ घातलेली आमटी बघून बघून माझी जीभ सुतकात गेली होती. आक्काच्या ठेच्याने ती परत माणसात आली. वैशाली माझ्याच वयाची. तीही बाहेरचीच, भोरकडून लग्न होऊन आलेली, त्यामुळे आमचं जमायचं. तिला दिवस गेलेले होते आणि रात्रंदिवस चिंचा खायच्या होत्या. संध्याकाळी मी आले की ती विचारायची, "आज कुठं जाऊन आलीस?" मी सांगायचे, म्युनिक. ती म्हणायची, "येताना चिंच न्हाई आणली?"

मग साहेबांच्या डोक्यात आलं की जर्मनांचे रस्ते फार झाले, आता पुण्याचा नकाशा करू आणि सीडीवर घालून विकू. आम्हाला जीपीएसची यंत्रं दिली, स्कूटरच्या मागे एक अँटेना बांधली आणि बाहेर सोडलं. यंत्र सांगायचं आपण कुठे आहोत. रस्त्यांची नावं मात्र माणसांकडून घ्यायची होती, आणि ती माणसं पुण्याची होती. शनिवार पेठेतल्या एका आजोबांना मी विचारलं, ह्या बोळाचं नाव काय? ते म्हणाले, "नाव कशाला हवंय? आम्ही कुठे राहतो ते आम्हाला माहीत आहे." दुसऱ्या एका दारात मी म्हटलं, आम्ही नकाशा करतोय, म्हणजे बाहेरगावच्या लोकांना तुमचं घर सापडेल. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच सांगत नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता पन्नाशी उलटून गेल्यावर, फोनवर पत्ता टाकून कुणीही कधीही दारात उभं राहतं तेव्हा मला त्या बाईंची फार आठवण येते.

साहेबांनी एक नियम घालून दिला होता: रस्त्यावर पाटी असेल तर पाटीवरचं नाव लिहायचं, नसेल तर लोक म्हणतात ते. पेठा संपल्या आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नव्या वस्त्या आल्या, तेव्हा धायरी साहजिकच माझ्या वाट्याला आली. आणि मी शहाणपणा केला. जेवताना तात्यांना म्हणाले, उद्यापासून तुमचं गाव कॉम्प्युटरवर चढवणार.

तात्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे सरकार. सातबाऱ्यावर चढलेलं एक वेळ कोर्टात खोडता येतं, पण कॉम्प्युटरवर चढलं म्हणजे चढलं. त्यांनी विचारलं, आपल्या घरापुढच्या रस्त्याला काय नाव देणार? मी म्हटलं, लोक म्हणतात ते. लोक काही म्हणत नाहीत, तात्या म्हणाले, त्याला नाव 'कैलासवासी धोंडिबा पथ'. धोंडिबा म्हणजे त्यांचे वडील, घरातले आबा. त्यांनी स्वतःच्या वावरातून जागा सोडली म्हणून हा रस्ता झाला, असं तात्यांनी सांगितलं. आक्का भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली तर कोपऱ्यावर नाना उभे. नाना तात्यांचे चुलतभाऊ. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं वाळू-सिमेंटचं दुकान, त्यात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन. दोघांमध्ये बांधावरून भांडण, बोलणं वैशालीच्या लग्नाच्याही आधीपासून बंद. नाना अतिशय गोड बोलले. म्हणाले, ताई, तुम्ही शिकलेल्या, खोट्याला हात लावणार नाही. जागा सोडली ती माझ्या वडिलांनी, म्हस्कूअण्णांनी. 'कैलासवासी म्हस्कूअण्णा मार्ग' असं लिहा. आणि त्यांनी माझ्या पिशवीत सीताफळं घातली, एवढी की स्कूटर एका बाजूला कलली.

पुढचे काही दिवस मी आयुष्यात खाल्लं नव्हतं असं खाल्लं. तात्यांकडे मटण झालं, तेही बुधवारी. नानांकडून उसाचा रस आला. तात्यांनी माझ्या खोलीत नवा पंखा लावला. सीताफळं त्यांनी बघितली आणि संध्याकाळी ती म्हशींपुढे होती. मी कचेरीत जाऊन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नकाशा म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, सगळ्या कैलासवासींचे आशीर्वाद छापायला. पाटी आहे का?" मी म्हटलं, नाही. हे मी घरी येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात धोंडिबा पथ, शेजारी धोंडिबांचा फेटा बांधलेला फोटो. त्याच्या पुढच्या दिवशी समोरच्या बाजूला म्हस्कूअण्णा मार्ग. ही पाटी हातभर उंच होती आणि म्हस्कूअण्णांच्या डोक्यामागे उगवता सूर्य होता.

आक्काला मी गोठ्यात गाठलं. तिला म्हटलं, खरं काय ते सांग, जागा सोडली कुणी? आक्का धार काढत होती. म्हणाली, त्या दोघा म्हाताऱ्यांनी आयुष्यात पान खाऊन पिचकारी सोडली असेल तर सोडली असेल. ती लग्न होऊन आली तेव्हा इथे नुसतं रान होतं. म्हशी गोठ्यातून सुटल्या की ओढ्याला डुंबायला जायच्या, त्यांच्या पायांनी वाट पडली. मग बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग मुरूम, मग डांबर. "म्हशी चालल्या तसा रस्ता गेला," ती म्हणाली, "म्हणून तर मधी एवढं वाकडं वळण हाय. तिथं चिखल असायचा, म्हशी वळसा घालायच्या." मी पडद्यावर ते वळण कितीदा गिरवलं होतं आणि इंजिनिअर प्यायला होता असं समजून चालले होते. मी हे साहेबांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हशी कैलासवासी आहेत का? नसतील तर नाव देता येणार नाही."

हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण घरात आता हसणं उरलं नव्हतं. तात्या माझ्याशी तुटक बोलायला लागले. एके दिवशी ओट्यावर मला ऐकू जाईल असं म्हणाले, आमच्या घरात राहायचं, आमच्या म्हशीचं दूध प्यायचं आणि आमच्या बापाचं नाव लिहायला हात जड होतो. खोलीसाठी दोन पाहुणे विचारून गेलेत, असंही त्यांनी आक्काला सांगितलं. मला रडू आलं. पुण्यात दुसरी खोली मिळाली असती, पण दुसरी आक्का मिळाली नसती आणि दुसरी वैशालीही नाही. मी त्या रविवारी आईला फोन करून म्हटलं, मी परत येते. आई म्हणाली, ये, पण काऊन येऊन राहिली ते सांग. मला कारण सांगता आलं नाही. दोन मेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावांपायी नोकरी सोडली हे यवतमाळात कुणाला पटलं असतं?

त्याच आठवड्यात, भर दुपारी, वैशालीच्या पोटात दुखायला लागलं. अजून दिवस भरायचे होते. मी तापाने घरीच होते. आक्काची हाक ऐकून आत गेले तर वैशाली भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या पायाशी फरशीवर रक्त होतं. बाळासाहेब गाडी घेऊन मंडईत गेलेला. तात्यांनी शहरातल्या दवाखान्यात फोन लावला, पत्ता सांगितला आणि दारात येरझाऱ्या घालायला लागले. आक्का वैशालीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वैशालीने माझा हात एवढा घट्ट धरला होता की माझी बोटं पांढरी पडली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फोन वाजला. तात्यांनी उचलला. पलीकडे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता, कुठल्याशा एसटीडीवरून बोलत होता. धोंडिबा पथ कुठे आहे विचारतोय तर इथे सगळे म्हणतात असा रस्ताच नाही, असं त्याचं म्हणणं. तो नानांच्या दुकानातून बोलत होता हे आम्हाला लगेच कळलं. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. वाट सांगायचं सोडून ते ओरडायला लागले की धोंडिबा पथच हाय, कोण न्हाई म्हणतो त्याला फोन दे, त्याला म्हणावं पाटी वाच. आत सून तशी पडलेली आणि हा माणूस बापाची पाटी वाचायला सांगत होता. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर हिसकावून घेतला. त्या घरात इतक्या दिवसांत मी त्यांच्यासमोर मोठ्याने खोकलेही नव्हते.

आणि मी नकाशा सांगायला लागले. म्हटलं, तुम्ही मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला आहात, कॅनॉलला समांतर या, दुसऱ्या छेदरस्त्याला उत्तरेकडे वळा. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उत्तर कुठं आली? माणसासारखं सांगा."

मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझं मलाच अनोळखी होतं. "दुकान सोडा, सरळ या. चक्की ऐकू येतीय का? तिच्या आवाजावर या. चक्कीपाशी दोन वाटा फुटतात, नवी रुंद दिसती ती न्हाई धरायची, जुनी डांबराची धरायची. फुडं वाकडं वळण हाय, तिथं चिखल समजून दमानं घ्या. मग शेणाचा वास आला की थांबा. तेच घर." हे सांगताना मी नकाशा डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. माझ्या पायांना, कानांना आणि नाकाला ते सगळं ठाऊक होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. पलीकडे ड्रायव्हर माझं वाक्य न् वाक्य मोठ्याने परत म्हणत होता. मग त्याच्या मागून एक आवाज आला, "कुणाकडं चाललाय? कोण आजारी?" ड्रायव्हरने सांगितलं, बाळंतपणाची बाई हाय, अवघडलीय. फोन तसाच लोंबकळत राहिला. गाडीचं दार लावल्याचा आवाज तेवढा आला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ड्रायव्हरशेजारी नाना बसलेले होते. माझी ती सगळी सुंदर वर्णनं अगदी वाया गेली. नानांनी गाडी डोळे मिटून आणली असती. गाडी अंगणात शिरायच्या आधी त्यांनी ती थांबवली, बांधापाशी उतरले आणि कडुलिंबाखाली उभे राहिले. तात्यांच्या जागेत पाय टाकायचा नाही अशी शपथ होती त्यांची. आम्ही वैशालीला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं तेव्हा बांधाच्या पलीकडून ते आक्काला म्हणाले, "वयनी, घाबरू नका." तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी होणार, गळ्यात पडणार. तात्या म्हणाले, "च्या घेणार का?" नाना म्हणाले, "घेऊन आलोय."

मी आणि आक्का ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. वाटेत ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "फोनवर तुम्हीच का? इथल्याच दिसता." मी काही म्हणायच्या आत आक्का म्हणाली, "मग? आमचीच हाय."

त्या प्रवासात मी रडले की नाही आठवत नाही. वैशालीचा हात मात्र धरून होते, आणि पुलावर आल्यावर तिने डोळे उघडून विचारलं, "कुठं आलो?" एवढंच. मी सांगितलं, पुलावर, नदी खाली आहे, आता जवळच. दर चौकाला ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले: आता डेपो गेला, आता शाळा, आता फुलवाला. ती एकेक नाव ऐकून मान हलवायची. आजही गाडीतल्या नकाशातली बाई चारशे मीटरवर उजवीकडे वळा म्हणाली की मला वाटतं, हिला कुणीतरी हात धरायला द्यावा.

मुलगी झाली. चिमूटभर, पण आवाज पिठाच्या चक्कीसारखा. वैशाली बरेच दिवस दवाखान्यात होती, मग घरी आली. बाळासाहेबाने पेढे वाटले. नानांच्या घरी पेढे द्यायला मला पाठवलं, कारण माझी कुठली शपथ नव्हती. खोलीसाठी विचारून गेलेले पाहुणे परत आले नाहीत. पाट्या दोन्ही जागच्या जागी होत्या. पावसाळ्यात धोंडिबांच्या फोटोत पाणी गेलं, तेव्हा म्हस्कूअण्णांच्या सूर्याचाही रंग उडाला, हे एक बरं झालं.

धायरीचं काम पुरं करायचा दिवस आला. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर ती वाकडी रेघ होती आणि नावाची जागा मोकळी. त्यांनी विचारलं, आपलं काय ठरलं? मी म्हटलं, दोन पाट्या आहेत, दोन वेगळ्या नावांच्या, आणि लोक त्यातलं एकही म्हणत नाहीत, मग नियमाप्रमाणे नाव नाही. ते म्हणाले, नाव नसेल तर तिथे माणूस पोचणार कसा? मी म्हटलं, "विचारत विचारत." मला वाटलं आता काहीतरी बोचरं येणार. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "बरं. वळण तेवढं नीट काढा." वळण मी आधीच नीट काढलं होतं, म्हशी ज्या बाजूने वळसा घालायच्या अगदी त्याच बाजूने.

संध्याकाळी घरी आले तर तात्या ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. वैशाली आत झोपलेली, आक्का चुलीपाशी. सांगावं तर लागणारच होतं. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की नकाशा गेला.

तात्या पोरीकडे बघत म्हणाले, "घातलं का आबांचं नाव?"

मी म्हटलं, "नाही."

चुलीपाशी आक्काचा भाकरी थापायचा आवाज थांबला. तात्या बराच वेळ पोरीची टोपी सारखी करत बसले. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आन् त्याच्या बापाचं?"

"तेही नाही."

त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि पोरीला खांद्यावर घेतलं.

"मग नकाशा बरोबर हाय," ते म्हणाले.